कोंदण, नख्या आणि चौदा कॅरट

मराठीत पर्यटनावर लेख लिहायचा असेल तर एक वाक्य फुकटात मिळतं. 'निसर्गाच्या कोंदणात वसलेलं टुमदार गाव.' शाळेतल्या निबंधापासून रविवारच्या पुरवणीपर्यंत सगळ्यांनी ते वापरून झालंय. पण हे कोंदण म्हणजे नक्की काय? आपल्यापैकी किती जणांनी ते हातात घेऊन पाहिलंय? सोनाराच्या दुकानात आज 'कोंदण दाखवा' म्हटलं तर समोरचा मुलगा बहुधा 'कुंदन सेट का, मॅडम?' असं विचारेल आणि राजस्थानी धाटणीचा एक ट्रे पुढे सरकवेल.

थोडक्यात काय, तर शब्द आपल्याकडे राहिला आणि वस्तू गेली. ती कशी गेली याची गोष्ट आज सांगायची आहे. ही गोष्ट दागिन्यांच्या फॅशनची आहे असं मला आधी वाटत होतं. खोलात गेल्यावर लक्षात आलं की फॅशनचा यात हात तसा कमीच. खडा सोन्यात कसा बसवायचा हे मुख्यतः तीन गोष्टी ठरवतात: सोनं किती शुद्ध आहे, खड्याला पैलू कसे पाडले आहेत, आणि सरकारचा कायदा काय म्हणतो. हो, कायदासुद्धा! तो भाग पुढे येईलच.

सुरुवात आमच्या यवतमाळपासूनच करू. तुम्ही म्हणाल, यवतमाळ म्हणजे कापूस, ऊन आणि शकुंतला रेल्वे, तिथे हिरे-माणकं कुठून आली? बरोबर आहे. पण यवतमाळहून नागपूरकडे निघालात की वीसेक किलोमीटरवर कळंब लागतं. तिथलं चिंतामणीचं देऊळ प्रसिद्ध आहे. देव जमिनीच्या पातळीच्या खाली, पायऱ्या उतरून जायचं, समोर कुंड. आता चिंतामणी हे खरं तर एका रत्नाचं नाव. मनात येईल ते देणारं रत्न. म्हणजे जिल्ह्यातला सगळ्यात जुना 'जडलेला' मणी हा असा जमिनीतच बसवलेला आहे म्हणायला हरकत नाही :-)

गंमत पुढे आहे. अकबराने वऱ्हाड घेतलं ते १५९६ साली. त्याचा दरबारी अबुल फझल याने 'ऐन-इ-अकबरी'त नव्या सुभ्याची माहिती लिहिली. त्यात यवतमाळ येतं ते 'योत लोहारा' या नावाने, नुसतंच एक परगणा म्हणून. पण कळंबला मात्र मान आहे. ते सरकारचं, म्हणजे आजच्या भाषेत साधारण जिल्ह्याचं, ठाणं होतं. अबुल फझल कळंबला जुनं आणि महत्त्वाचं शहर म्हणतो, तिथल्या म्हशींचं कौतुक करतो आणि लगेच शेजारच्या चांद्याच्या गोंड राजाकडे वळतो. त्या राजाच्या ताब्यात वैरागड आहे आणि वैरागडला हिऱ्यांची खाण आहे, अशी नोंद तो करतो. हे वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात येतं. म्हणजे वऱ्हाडच्या हिशेबाच्या वहीत कळंबच्या म्हशी आणि वैरागडचे हिरे एकाच परिच्छेदात आहेत. विदर्भाच्या वाट्याला एकेकाळी हिऱ्याची खाण होती, हे आपल्याला शाळेत कोणी ठासून सांगितलं नाही, एवढं खरं.

त्याच ग्रंथात दागिन्यांवर काम करणाऱ्या कारागिरांवर एक प्रकरण आहे आणि त्यात कोंदणाचं वर्णन आहे. अबुल फझलचं म्हणणं थोडक्यात असं, की इतर देशांत रत्न बसवायला त्याच्या मापाचं घर करतात आणि त्यात ते अडकवतात. हिंदुस्थानात मात्र हे काम कुंदनाने होतं, म्हणजे इतकं शुद्ध आणि इतकं मऊ केलेलं सोनं, की ते हाताने मळता येईल ही दंतकथासुद्धा खरी वाटावी. सव्वाचारशे वर्षांपूर्वीच्या हिशेबी माणसाने दोन पद्धतींमधला फरक इतका नेमका पकडला आहे की मला तो वाचून फार आनंद झाला. आपण डॉक्युमेंटेशन लिहितो तेव्हा असं लिहावं.

आता हे काम प्रत्यक्षात कसं होतं ते बघू.

पहिल्यांदा सोनार पातळ पत्र्याचा घाट घडवतो. तो आतून पोकळ असतो. त्यावर मिनाकाम करायचं असेल तर ते आधीच उरकून घेतात, कारण मिना भट्टीत साधारण आठशे अंशांना वितळवून बसवावा लागतो. मग पोकळीत लाख भरतात. लाख शंभर अंशांच्या आतच मऊ पडते, म्हणून हा क्रम उलटा करून चालत नाही. आधी मिना, मग लाख. (ज्यांनी चुकीच्या क्रमाने सर्व्हिसेस चालू केल्या आहेत त्यांना हे दुःख कळेल.) लाखेवर खड्यासाठी घर कोरतात. घराच्या तळाशी डांक ठेवतात, म्हणजे चांदीचा किंवा सोन्याचा चकचकीत पातळ वर्ख. डांकेवर खडा. आणि मग खरी गोष्ट सुरू होते. जवळजवळ चोवीस कॅरट शुद्धतेच्या सोन्याच्या पट्ट्या खड्याच्या कडेने ठेवायच्या आणि पोलादी हत्याराने दाबत दाबत भरायच्या. एकावर एक थर. ना आच, ना डाग, ना नख्या. सगळं थंड.

आणि तरीही ते थर एकजीव होतात. का? कारण सोनं गंजत नाही. लोखंड, तांबं, अॅल्युमिनियम या धातूंवर हवेतल्या प्राणवायूचा एक अदृश्य थर चढलेला असतो. दोन तुकडे कितीही दाबले तरी तो थर मध्ये येतो. शुद्ध सोन्यावर हा थर नाही. स्वच्छ सोन्यावर स्वच्छ सोनं दाबलं की अणूंना कळतच नाही की आपला तुकडा कुठे संपला आणि दुसऱ्याचा कुठे सुरू झाला. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात याला 'कोल्ड वेल्डिंग' म्हणतात. आमच्या जडाव कारागिरांना ते नाव माहीत नव्हतं, काम मात्र माहीत होतं. शेवटी अकीकाच्या दगडाने घोटून कडा चकचकीत करायच्या. झालं कोंदण.

मराठीत आपण 'धूर कोंदला' म्हणतो, 'कोंदट खोली' म्हणतो. दाबून, गच्च भरून राहणं. शब्दांची कुळकथा काय असेल ती भाषातज्ज्ञांवर सोडू, पण कोंदणातलं सोनं असंच गच्च भरलेलं असतं. ते खड्याला धरत नाही, खड्याभोवती कोंदतं.

या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे खडा कसाही चालतो. वेडावाकडा, चपटा, नाजूक, अगदी काचेचा तुकडासुद्धा. आच लागतच नसल्यामुळे तो तडकायची भीती नाही. म्हणून मुघल काळात जेडच्या वाट्यांवर, खंजिरांच्या मुठींवर माणकं बसवली गेली. दगडात दगड, मध्ये फक्त सोनं. अशा ठिकाणी डाग देण्याचा प्रश्नच येत नाही.

आता प्रश्न असा की खड्याची मागची बाजू बंद का? आज दुकानात हिऱ्याची अंगठी बघा, खालून आरपार मोकळी असते. मग आपले पूर्वज हिरा लाखेत का पुरत होते?

याचं उत्तर पैलूंमध्ये आहे. झां बातिस्त ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात अनेकदा हिंदुस्थानात आला, गोवळकोंड्याच्या खाणी त्याने स्वतः पाहिल्या आणि १६७६ साली त्याचं प्रवासवर्णन पॅरिसला छापलं गेलं. इथले कारागीर हिरा निर्मळ असेल तर वरखाली थोडा घासून सोडून देतात, वजन कमी होऊ नये म्हणून. आणि खूप पैलू दिसले तर समजावं की आतला डाग लपवला आहे, असा त्याच्या निरीक्षणाचा मथितार्थ. म्हणजे आपल्याकडे हिऱ्याची किंमत वजनात होती, चमकेत नव्हती. असा चपटा हिरा वरून आलेला उजेड खालून गळू देतो. चमकायचा असेल तर खाली आरसा हवा. तो आरसा म्हणजे डांक. आणि डांक म्हटली की मागची बाजू बंद करणं आलंच, नाहीतर हवा आणि पाणी लागून वर्ख काळा पडेल. (आजीच्या कुड्या घालून आंघोळ करू नये असं का सांगायचे, ते आता कळलं असेल.)

युरोपात सतराव्या शतकाच्या शेवटी 'ब्रिलियंट' पैलू आले. आता हिऱ्याचे खालचे पैलू अशा कोनात असतात की वरून आलेला उजेड आतल्या आत दोनदा आपटून पुन्हा वरूनच बाहेर पडतो. हिरा स्वतःच स्वतःचा आरसा झाला. १९१९ साली मार्सेल तोल्कोव्स्कीने हे कोन चक्क गणिताने काढून पुस्तक लिहिलं. पण कारागिरांचे हात त्याच्या कितीतरी आधी तिथवर पोचलेले होते. असा हिरा बंद घरात ठेवणं म्हणजे त्याच्यावर अन्याय. १८८६ साली न्यूयॉर्कच्या टिफनीने सहा नख्यांवर हिरा उचलून धरणारी अंगठी बाजारात आणली. सोनं कमीत कमी, हिरा जास्तीत जास्त. आज 'एंगेजमेंट रिंग' म्हणून आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येतं ते हेच.

वजन की चमक, हा वाद किती महाग पडला याचं मराठी उदाहरण म्हणजे नासक हिरा. हा नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वराच्या देवळातला म्हणून सांगितला जातो. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा तो इंग्रजांच्या हाती लागला. तेव्हा तो सुमारे ९० कॅरटचा होता. लंडनला गेल्यावर त्याला पुन्हा पैलू पाडले, पण हात राखून, मूळ तिकोनी आकार सांभाळत. तो सुमारे ८० कॅरटचा झाला. पुढे १९४० साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने तो पुन्हा कापला. उरला ४३.३८ कॅरट. अर्धा हिरा उजेडासाठी खर्ची पडला. कोहिनूरचंही तेच झालं, १८५२ साली सुमारे १९१ कॅरटवरून १०५.६ वर. आपल्याकडचा माणूस हे ऐकून कपाळावर हात मारतो आणि तिकडचा माणूस म्हणतो, आत्ता कुठे हिरा दिसायला लागला. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

पण नख्यांना एक अट आहे आणि ती महत्त्वाची आहे. नखी स्प्रिंगसारखी हवी. वाकवली की खड्यावर दाबून बसली पाहिजे आणि तशीच राहिली पाहिजे. चोवीस कॅरट सोनं इतकं मऊ असतं की त्याची नखी स्वेटरमध्ये अडकून उघडेल आणि हिरा लोकलमध्ये पडेल. म्हणून सोन्यात तांबं, चांदी वगैरे मिसळून ते कडक करावं लागतं. १८ कॅरट म्हणजे ७५ टक्के सोनं. अमेरिकेत तर १४ कॅरट सर्रास चालतं, म्हणजे ५८.३ टक्के.

आता दोन्ही पद्धती शेजारी ठेवा. कोंदणाला सोनं जितकं शुद्ध तितकं चांगलं, भेसळ झाली की थर एकजीव होत नाहीत. नख्यांना सोनं जितकं कडक तितकं चांगलं, शुद्ध असेल तर खडा पडतो. या दोन स्टाइल्स नाहीतच. हे दोन वेगळे धातू आहेत, ज्यांना आपण चुकून एकाच नावाने हाक मारतो. आणि एका पद्धतीत मुरलेला हात दुसरीत आपोआप चालत नाही. एकाने आयुष्यभर दाबायला शिकलेलं असतं, दुसऱ्याने वाकवायला.

हे सगळं दरबाराचं, राजेरजवाड्यांचं झालं. यवतमाळच्या शेतकऱ्याच्या घरात काय होतं?

तिथे खडे फारसे नव्हतेच. डोरलं, एकदाणी, गोफ, पाटल्या. सगळं भरीव, सगळं वजनाचं. हे साधेपणाच्या आवडीने नव्हतं. कापूस विकला की हातात एकदम पैसे येतात आणि पुढच्या कापसापर्यंत ते पुरवायचे असतात. बँक लांब, सराफ जवळ. म्हणून कापसाचं सोनं व्हायचं आणि अडीनडीला त्या सोन्याचं बियाणं, नाहीतर दवाखाना. अशा घरात दागिना म्हणजे अंगावर घातलेलं पासबुक. आणि पासबुकात खडा म्हणजे नुसती अडचण, कारण मोडीच्या वेळी खडा, लाख, डांक सगळं वजनातून वजा होतं. यवतमाळच्या सराफ्यात माझ्या ओळखीचे एक सोनारकाका आहेत. त्यांनी मला हे एका वाक्यात समजावलं: "पाय बापू, गरजेच्या वक्ती खड्याले कोन पुसते? वजनालेच भाव हाय." आज सोनं तारण ठेवून कर्ज देणाऱ्या बँकासुद्धा खड्यांचं वजन वजा करूनच हिशेब करतात. काका आणि रिझर्व्ह बँक यांचं या बाबतीत एकमत आहे.

तरीही खडा यायचा, दोन वाटांनी. एक म्हणजे नथ आणि कुड्या. यात मोती असतात तारेत ओवलेले, ते पटवेकऱ्याचं नाहीतर तार वळणाऱ्या सोनाराचं काम, पण मधोमध लाल किंवा हिरवा खडा असतो आणि जुन्या कुडीत तो कोंदणातच असायचा. दुसरी वाट म्हणजे राशीचा खडा. पोवळं, पुष्कराज, नीलम. याची अंगठी नीट बघा, खालून भोक असतं. उजेडासाठी नव्हे बरं का, खडा बोटाला लागला पाहिजे म्हणून. म्हणजे मागून मोकळं घर आपल्याकडेही होतं, फक्त त्याचं कारण वेगळं होतं. युरोपात मागची बाजू मोकळी झाली ती डोळ्यांसाठी, आपल्याकडे ग्रहांसाठी.

आणि एक तिसरी गोष्ट, जी सोनाराच्या दुकानात कधी आलीच नाही. पुसद, दिग्रस, दारव्हा हा पट्टा बंजारा समाजाचा. बंजारा बायकांच्या पारंपरिक पोशाखात आरसे जडलेले असतात. या आरशाला भोक नसतं, त्यामुळे तो बटणासारखा शिवता येत नाही. आधी त्याच्यावरून आडवेउभे धागे टाकून जाळं करायचं, मग त्या जाळ्याला पकडून कडेने गोल टाके घालत जायचे, म्हणजे कडेवर धाग्याची एक उंच किनार तयार होते आणि आरसा त्यात अडकतो. दागिन्यांच्या भाषेत याला 'बेझल' म्हणतात, खड्याच्या कडेवर चहूबाजूंनी वळवलेली पट्टी. जी गोष्ट सोनार पत्र्याने करतो ती तांड्यावरची बाई सुईदोऱ्याने करते. शाळा नाही, सर्टिफिकेट नाही. आई शिवते, मुलगी शेजारी बसून बघते.

इथपर्यंत गोष्ट चांगली चालली होती. आता १९६३.

१९६२च्या चीन युद्धानंतर देशाची परकीय चलनाची अवस्था बिकट होती. सोन्याची तस्करी मोठी होती. अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आणलं. त्यातली एक अट अशी की १४ कॅरटपेक्षा जास्त शुद्धतेचे नवे दागिने घडवायचे नाहीत. कल्पना अशी की लोकांना कमी शुद्धतेच्या सोन्याची सवय लागेल आणि सोन्याचा हव्यास कमी होईल. कागदावर ठीक वाटतं. अमेरिकेत १४ कॅरट चालतंच ना?

पण आपण वर जे पाहिलं ते आठवा. १४ कॅरटच्या सोन्यात ४१ टक्क्यांहून जास्त इतर धातू आहे. त्याने कोंदण भरता येत नाही. आणि २२ कॅरटवर घडलेला साधा सोनारसुद्धा १४ कॅरट हातात घेतो तेव्हा त्याला तो धातू परका वाटतो. ठोकला तर तडा जातो, आच दिली तर काळा पडतो. वर गिऱ्हाईक म्हणतं, हे कसलं सोनं, हे तर पितळ. म्हणजे सरकारने सोनं बंद केलं नव्हतं, त्याची फक्त एक संख्या बदलली होती. आपण कॉन्फिग फाइलमध्ये एक आकडा बदलतो आणि तिसऱ्याच टीमचं सगळं बंद पडतं, तसं झालं. फक्त इथे टीम म्हणजे देशभरातले लाखो सोनार होते. कामं थांबली. सोनारांचे मोर्चे निघाले. आत्महत्यांच्या बातम्या आल्या. त्यांना दुसऱ्या धंद्यांत वळवण्यासाठी सरकारने मदतीच्या योजना काढल्या. ज्याचा बाप सोनार, आजा सोनार, त्याला सांगायचं की आता दुसरं काहीतरी शीक.

पुढे सवलती येत गेल्या आणि १९६६ साली १४ कॅरटची अट उठली. पण १९६८ साली सुवर्ण नियंत्रण कायदा झाला आणि परवाने, नोंदवह्या, जवळ किती सोनं ठेवायचं याच्या मर्यादा हे सगळं राहिलं ते थेट १९९० पर्यंत. त्या वर्षी अर्थमंत्री होते मधु दंडवते. त्यांच्या काळात तो कायदा रद्द झाला.

कायद्याचा हिशेब इथे पूर्ण होतो. कारागिरीचा होत नाही. चौदा वर्षांचा मुलगा १९६३ मध्ये बापाच्या शेजारी पाटावर बसायला हवा होता. तो बसला नाही, तर १९९० मध्ये तो एक्केचाळीस वर्षांचा आहे आणि एखाद्या ऑफिसात कारकून आहे. कायदा एका दिवसात मागे घेता येतो. तो मुलगा मागे नेता येत नाही. सगळं कोंदणकाम एकट्या या कायद्याने संपलं असं मी म्हणणार नाही. संस्थानं विलीन झाल्यावर मोठी गिऱ्हाइकं गेली होती, पैलूदार हिऱ्याची आवड वाढली होती, यंत्रावर ओतलेले दागिने आले होते. जयपूर-बिकानेरला मागणी टिकली, कारागिरांच्या वस्त्या मोठ्या होत्या, तिथे विद्या तगली. पण ज्या गावात कोंदण भरणारा एखादाच माणूस होता, तिथे एक पिढी गळली की सगळंच गळतं.

याचा पुरावा मला आमच्याच घरी मिळाला. आजीच्या एका कुडीतला खडा हलायला लागला होता, म्हणून ती काकांकडे नेली. त्यांनी भिंग लावून पाहिली, हातात फिरवली आणि म्हणाले, "याले कोंदन भरनारा मानूस आता इथं नाही. म्हनशीन तं नख्या लावून देतो." नख्या लावायच्या म्हणजे जुना घाट वितळवायचा, सोन्यात कस मिसळायचा, नवं घर ओतायचं. खडा तोच, कुडी दुसरी. आम्ही ती तशीच परत आणली. काकांच्या दुकानामागच्या खोलीत दोन तरुण कारागीर बसतात, दोघेही बंगालचे. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावच्या सराफ्यात हेच चित्र दिसेल. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये असे अनेक कारागीर गावी परतले आणि कित्येक दुकानांना तेव्हा कळलं की आपण दागिने विकतो, घडवत नाही.

आज कोणाला हे शिकायचं असेल तर? शिकण्याचा रस्ता साधारण ठरलेला आहे. आधी करवत आणि कानस, महिनोन्महिने. मग गोलसर, बिनपैलूच्या खड्याभोवती पट्टी वळवणं, म्हणजे बेझल. मग नख्या. मग 'चॅनल', दोन भिंतींमध्ये खडे ओळीने बसवणं. सगळ्यात शेवटी 'पावे', जिथे बारीक खडे फरसबंदीसारखे खेटून बसतात आणि प्रत्येकाला सोन्याचेच इवलेसे मणी उकरून धरलेलं असतं. हे काम आता सूक्ष्मदर्शकाखाली होतं. कॉम्प्युटरवर डिझाइन करून मेणाचा साचा छापतात, कधीकधी तर खडे मेणातच बसवून वरून सोनं ओततात. म्हणजे बसवणाऱ्याचा हात खड्याला लागतो तो मेणात, सोन्यात नाही. आमच्या क्षेत्रातली बरीच हुशार मंडळी अशी सॉफ्टवेअर्स लिहितात आणि ती उत्तम आहेत. पण कोंदण अजून तरी कोणाला छापता आलेलं नाही. किती दाबलं की सोनं धरतं हे मनगटाला कळावं लागतं.

आणि या गोष्टीला एक छान शेपूट आहे. जून २०२१ पासून देशात टप्प्याटप्प्याने हॉलमार्किंग सक्तीचं झालं. दागिन्यावर शुद्धतेचा शिक्का हवाच. पण कुंदन, पोल्की आणि जडाव दागिन्यांना या सक्तीतून सूट दिली गेली. कारण सरळ आहे. अशा दागिन्यात घाट एका शुद्धतेचा, कोंदणाचं सोनं दुसऱ्या शुद्धतेचं, आत लाख, वर खडे. शिक्का मारणार कोणत्या आकड्याचा? १९६३च्या नियमाला सोनं म्हणजे फक्त कॅरटचा आकडा वाटला होता. २०२१च्या नियमाने निदान एवढं मान्य केलं की काही दागिने एका आकड्यात मावत नाहीत. अठ्ठावन्न वर्षांत सरकारी कागद थोडासा शहाणा झाला, असं म्हणू या. अर्थात सूट मिळाल्यामुळे गिऱ्हाइकाने डोळे उघडे ठेवणं जास्त गरजेचं झालं, हेही खरं.

पंचतंत्रात एक जुना विचार आहे. सोन्यात शोभणारं रत्न कोणी कथलात बसवलं तर रत्न रडत नाही, पण लोक नावं ठेवतात ती बसवणाऱ्याला. मी त्यात एवढीच भर घालीन, की बसवणाऱ्याच्या हातात कधीकधी कथीलच दिलेलं असतं. नावं ठेवण्याआधी ते कोणी दिलं हे बघावं.

तेव्हा पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा आईला किंवा आजीला लॉकरमधली जुनी कुडी, नथ, तन्मणी जे असेल ते काढायला सांगा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ती मोठी करून बघा. खड्याच्या कडेला नख्या आहेत का? मागची बाजू मोकळी आहे का? की खड्याभोवती बारीक, किंचित ओबडधोबड, पिवळंधमक सोनं गच्च दाबून भरलेलं आहे? तसं असेल तर ते कोणी भरलं, कुठल्या गावचा सोनार होता, हे विचारून लिहून ठेवा. सांगणारं माणूस घरात आहे तोवरच हे काम होण्यासारखं आहे. आणि ती कुडी 'एक्स्चेंज ऑफर'मध्ये देऊन नवीन टॉप्स घ्यायचा विचार चालला असेल, तर काका म्हणतात तसं, वजनाला भाव मिळेल. कोंदणाला नाही.